'नॅब' म्हणजे नुसती अटक नव्हे
इंग्रजीतल्या 'नॅब' (nab) या शब्दाचा 'अटक करणे' असा अर्थ सांगितला जातो; तो बरोबर असला तरी मला अपुरा वाटतो. या अनौपचारिक क्रियापदात अचानक झडप घालून पकडण्याची छटा आहे. त्यामुळे आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ते सर्रास दिसते (तीन अक्षरांत काम भागते, हेही कारण असावेच), पण न्यायालयाच्या आदेशात ते शोभणार नाही. मराठी मथळ्यांतला 'जेरबंद' त्याला बराच जवळचा आहे. शिवाय गर्दीत मोक्याची खुर्ची पटकावण्यालाही 'नॅब'च म्हणतात, आणि तिथे पोलिसांचा काहीच संबंध नसतो. सतराव्या शतकात रूढ झालेल्या 'किडनॅप'मधला 'नॅप' हा याच शब्दाचा भाऊबंद मानला जातो; त्या काळी अमेरिकेतील वसाहतींत मजुरीसाठी मुले-माणसे पळवून नेण्याला तो शब्द वापरत. डुलकीच्या 'नॅप'शी मात्र त्याचे नाते नाही.