मदत हवी आहे: वेबमेलवरून मेल जात नाही, मेल पाठवण्याचा पोर्ट ५८७ अडतोय
राउंडक्यूब (ब्राउझरमधून मेल वापरण्याचं वेबमेल) एका सर्व्हरवर आहे, पोस्टफिक्स (मेल पाठवणारा) आणि डव्हकॉट (इनबॉक्स दाखवणारा) दुसऱ्यावर, म्हणजे मेल सर्व्हरवर; दोन्हीकडे उबुंटू. मेल वाचण्याच्या पोर्ट ९९३ वरून इनबॉक्स नीट उघडतो. ‘पाठवा’ दाबलं की मात्र चाक बराच वेळ फिरतं आणि शेवटी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं.

पोस्टफिक्सच्या मास्टर डॉट सीएफ या सेटिंग फाइलमधली सबमिशनची (म्हणजे ५८७ ची) ओळ सुरू आहे. मेल सर्व्हरवरूनच टेलनेटने जोडून पाहिलं तर ५८७ लगेच २२० (‘तयार आहे’ असं उत्तर) देतो. त्याच्या फायरवॉलमध्ये वेबमेलच्या आयपीला परवानगी दिली आहे. तरीही टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावल्यावर तिथे ५८७ चं एकही पॅकेट पोहोचताना दिसत नाही, त्यामुळे पासवर्ड किंवा सर्टिफिकेटचा प्रश्न नसावा. वेबमेल सर्व्हरवर बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर मी कुठलाही नियम लावलेला नाही.

सगळे फक्त ब्राउझरमधूनच मेल वापरतात, म्हणून ५८७ सगळ्या जगाला उघडायचा नाही. पॅकेट नेमकं कुठे अडतंय हे कसं शोधू, आणि ४६५ या मेल पाठवण्याच्या दुसऱ्या पोर्टवर गेल्याने हे सुटेल का?