शैलेन मन्ना बॅक म्हणून नेमके कसे होते?

उजवी_विंग (धागाकर्ता)
कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या जुन्या संघांवर वाचन चालू आहे. शैलेन मन्नांबद्दल सगळीकडे तेच तेच सापडतं. सभ्य माणूस, १९४२ ते १९६० एकच क्लब, १९५१ चं आशियाई सुवर्ण, १९७१ ची पद्मश्री. पण मैदानावर ते करायचे काय? आजच्या लेफ्ट बॅकसारखंच काम होतं का? अनवाणी टॅकल कसं जमायचं? आणि कर्णधार तेच असताना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ कसा हरला? "कारकिर्दीत एकही पिवळं कार्ड नाही" असंही एके ठिकाणी वाचलं.

दोन_बॅक
आजचा लेफ्ट बॅक आधी डोक्यातून काढून टाका. तेव्हा आपल्याकडे २-३-५ चालायचं, म्हणजे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ (मधला सेंटर हाफ, कडेचे दोन विंग हाफ) आणि पाच फॉरवर्ड. मागे फक्त दोन बॅक. सेंटर हाफ पुढे जाऊन खेळ जुळवायचा, त्यामुळे मधे कायमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, नसायचा. विंगरला धरायचं काम मुख्यतः विंग हाफचं, म्हणून बॅक टचलाइनवर कमी आणि पेनल्टी एरियासमोर जास्त.

या जोडीचा नियम साधा, पाळायला कठीण. एक बॅक चेंडूवर गेला की दुसऱ्याने तिरकं मागे सरकून गोलची वाट अडवायची. दोघे एकदम पुढे गेले की मागे फक्त गोलकीपर. अशा रचनेत धसमुसळा बॅक दर सामन्याला गोल खाऊ घालतो. मन्ना वेळेआधी जागेवर असायचे, त्यामुळे फाउल करायची पाळी कमी यायची. "सभ्य" या विशेषणामागे स्वभाव असेल, पण अर्धं श्रेय पोझिशनिंगचं. फ्री किकही जोरकस होती.

१९५१ ला दिल्लीत बघा. इंडोनेशिया ३-०, अफगाणिस्तान ३-०, अंतिम सामन्यात इराण १-०, गोल मेवालालचा. तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. मन्नांचा जोडीदार अझीझुद्दीन, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. मेवालालचं कौतुक होतं, या शून्याचं कोणी करत नाही.

ओलं_मैदान
अनवाणी टॅकलबद्दल. समोरच्याच्या पायात बूट असताना ब्लॉक टॅकल, म्हणजे दोघांनी एकाच वेळी चेंडूवर पाय घालणं, परवडत नाही. बोटं जातात. म्हणून चेंडू समोरच्याच्या पायापासून सुटेपर्यंत थांबायचं आणि पावलाच्या आतल्या बाजूने तो काढून घ्यायचा. क्षणभर उशीर झाला तर टॅकल सोडून फक्त वाट अडवायची. बरेच जण घोट्याला आणि पावलाला बँडेज गुंडाळायचे. त्याने आधार मिळतो, स्टडपासून, म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्यांपासून, संरक्षण फारसं नाही.

कोरड्या, टणक मैदानावर अनवाणी माणूस चपळ वळतो. पाऊस पडला की गणित उलटं. चामड्याचा शिवलेला चेंडू पाणी पिऊन जड होतो, आणि स्टडशिवाय वळताना टेकूचा पाय घसरतो. फॉरवर्डचा पाय घसरला तर हल्ला वाया जातो, बॅकचा घसरला तर गोल होतो. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये लंडनजवळ इलफर्डला फ्रान्सविरुद्ध अकरापैकी आठ जण अनवाणी होते. तो सामना १-२ गेला, पण तो बचावापेक्षा दोन वाया गेलेल्या पेनल्टींमुळे. एक मन्नांची, दुसरी महावीर प्रसाद यांची.

तिसरा_बॅक
हेलसिंकी, १९५२. एकट्या मन्नांवर किंवा बुटांवर खापर फोडू नका. थंड हवा होती, अनेकांच्या पायात बूट नव्हते, हे खरंच. पण मोठं कारण रचना. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, गोल आणि हल्लेखोर यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे झाले, म्हणजे हल्ला सोपा झाला. त्यावर इंग्लंडने सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बॅक केला. आपण दोन बॅकवरच राहिलो. समोर मितिच, वुकास, झेबेक असलेला युगोस्लाव्हिया, त्या स्पर्धेचा रौप्यविजेता. सेंटर फॉरवर्डला एका बॅकने धरलं की त्याच्या शेजारचा इनसाइड फॉरवर्ड मोकळा. झेबेकने एकट्याने चार मारले. शिवाय आपल्याकडे ७० मिनिटांचे सामने सर्रास व्हायचे आणि तिथे पूर्ण ९०. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

उजवी_विंग
धन्यवाद, २-३-५ आता कळलं. कार्डाचं काय? आणि १९५० च्या वर्ल्ड कपला भारत गेला नाही, तो अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणूनच ना?

दोन_बॅक
वर्ल्ड कपमध्ये कार्डं १९७० ला आली आणि मन्ना १९६० ला थांबले. त्यांना पिवळं कार्ड मिळणं शक्यच नव्हतं! तेव्हा रेफरी वहीत नाव लिहायचा. १९५० बद्दल स्वतः मन्नांनीच सांगितलं होतं की बूट हे खरं कारण नव्हतं. महासंघाला ऑलिंपिक मोठं वाटत होतं, वर्ल्ड कपचं महत्त्व इथे फारसं कोणाला माहीत नव्हतं. लांबच्या बोटप्रवासाचा प्रश्न होताच.

ओलं_मैदान
मुंबईकरांसाठी एक पुरवणी. बागानने मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा पहिल्यांदा जिंकली १९५५ ला, कूपरेजवर. जुनी वर्तमानपत्रं चाळणार असाल तर तिथून सुरुवात करा. संघाच्या यादीत "बॅक्स" म्हणून दोनच नावं असतील, तर बहुधा तीच जुनी जोडी. तीन असतील तर रचना बदलली असं समजा.