स्टील गिटार रडकी नाही, आणि ती आपोआप गेलेलीही नाही

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

परवा 'सध्या काय ऐकताय' या धाग्यात 'खर्जातला' यांनी लिहिलं की अमेरिकेच्या कंट्री संगीतातून स्टील गिटार (आडवी ठेवून तारांवर कांडी घसरवत वाजवायची गिटार) गेली ते बरंच झालं. गुत्त्यात बसलेल्या माणसाचा रडका आवाज होता तो, लोक कंटाळले, आता तेच कीबोर्डवर निघतं, मग तीस किलोचं धूड कोण वाहील? दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी कीबोर्डचं बघू. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी, पेडलं जोडलेली स्टील गिटार. नॅशव्हिल हे कंट्रीचं माहेरघर, तिथल्या ट्यूनिंगवर, ई नाइन्थवर, सा-ग-प छेडा आणि डाव्या पायाने पहिली दोन पेडलं एकदम दाबा. प चढून ध होतो, ग चढून म होतो, सा जागचा हलत नाही. सतारीची मींड आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिथे एकच स्वर ओढला जातो. इथे अख्खी स्वरसंगती आतल्या आत कूस बदलते. त्यात उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. नखीचा आघात त्याने झाकायचा, आणि तार विझायला लागली की तोच पाय हळूच पुढे रेटायचा. गुडघ्यांनी ढकलायचे वेगळे खटके. डाव्या हातात स्टीलची कांडी. आणि गिटारीसारखे पडदे नाहीतच, नुसत्या रेघा, म्हणजे सूर शेवटी कानानेच लावायचा. कीबोर्डचं सूर वरखाली करायचं चाक फिरवलं की सगळे स्वर एका दमात वर जातात. तिथेच खोटेपणा उघडा पडतो.

१९५३ साली स्टीलवादक बड आयझॅक्सने कंट्री गायक वेब पीअर्सच्या 'स्लोली' गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबलं. पेडलं आधीही होती, पण ती दोन सुरांच्या मधे ट्यूनिंग बदलायला. १९५४ मध्ये ते गाणं गाजलं आणि बाकीचे वादक आपापल्या गिटारींना पेडलं बसवायच्या मागे लागले. पुढे बडी एमन्स या वादकाने प-ध आणि ग-म या दोन बदलांची फोड करून ती दोन पेडलांवर वाटली. त्या माणसाचं पाऊल आणि घोटा आज प्रत्येक स्टीलवादकाच्या पायात आहे.

आता 'लोक कंटाळले'. लोकांना विचारलं कुणी? अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ स्टेशनं असावीत, ही मर्यादाच काढून टाकली. मूठभर कंपन्यांच्या हातात शेकडो स्टेशनं गेली, गाण्यांच्या याद्या एका ठिकाणी बनायला लागल्या. कंट्रीचं स्टेशन पॉपच्या शेजारी खपलं पाहिजे, या हिशोबात पहिली काट बसली ती स्टीलला आणि फिडलला (लोकढंगात वाजणारं व्हायोलिन). २०१२ नंतर ड्रम लूपवाल्या गाण्यांची लाट आली, तोवर वाट मोकळी झाली होती. याला कंटाळा म्हणत नाहीत.

खर्जातला

माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी 'बरंच झालं' म्हटलं ते अशासाठी की तुम्ही मंडळी एका वाद्याला अख्ख्या संगीताचा आत्मा करून बसलात.

१९९६ चा कायदा म्हणता. मग १९५० च्या दशकाच्या शेवटी कुठला कायदा होता? आरसीए या रेकॉर्ड कंपनीत चेट अ‍ॅटकिन्स आणि डेक्का कंपनीत ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी तेव्हाच स्टील आणि फिडल मागे ढकलून व्हायोलिनचे ताफे आणि मागे गाणारे कोरस आणले. तो नॅशव्हिल साउंड. रॉक अँड रोलसमोर दुकान चालू ठेवायचं होतं आणि त्यांनी ते चालवलं. म्हणजे स्टील काढणं हीसुद्धा नॅशव्हिलची जुनीच परंपरा.

दुसरं. पेडलचं एवढं कौतुक करताय, तर जेरी बर्डचं नाव का नाही घेतलं? बिनपेडलच्या स्टीलमधला सगळ्यात मोठा माणूस. १९५४ नंतर सगळ्यांना पेडलचा आवाज हवा झाला, याने पेडल लावायला नकार दिला, काम आटत गेलं आणि १९७२ मध्ये तो हवाईला निघून गेला. त्याला कुणी हाकललं? तुमच्या पेडलनेच. तेव्हा ते 'पुढचं पाऊल' आणि आता तेच चाक फिरलं तर 'कारस्थान'?

ऑस्टिनकर

जेरी बर्डचा मुद्दा खरा आहे. मला आवडत नाही, पण खरा आहे.

नॅशव्हिल साउंडबद्दल मात्र अर्धवट सांगताय. गायिका पॅट्सी क्लाइनचं १९६१ चं 'आय फॉल टु पीसेस' ओवेन ब्रॅडलीनेच केलेलं. त्यात बेन कीथची स्टील आहे, नीट कान देऊन ऐका. आणि नॅशव्हिल व्हायोलिनं लावत होतं तेव्हा कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला कंट्री गायक बक ओवेन्स काय करत होता? १९६४ च्या 'टुगेदर अगेन'मधला टॉम ब्रम्लीचा तुकडा ऐकून मग सांगा रडका आहे का. तिथल्याच गायक मर्ल हॅगर्डबरोबर स्टीलवर राल्फ मूनी. तो तर चिमटे काढल्यासारखा वाजवायचा, त्यात रडणं कुठे आहे? एका गावाने दार लावलं तर दुसऱ्या गावात उघडं होतं. आता सगळ्या गावांची किल्ली एकाच खिशात आहे, हा फरक तुम्ही बघतच नाही.

वीणापाणी

थोडं अवांतर, पण कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. तारेवर गुळगुळीत वस्तू घसरवून वाजवणं हे मुळात आपलं. विचित्रवीणा काय, गोट्टुवाद्य काय. तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव गोट्टुवाद्य वाजवत, नाव ऐकूनच आपल्याला तंजावर आठवावं. आणि १८८० च्या दशकात हवाई बेटांवर, होनोलुलूत गेब्रिएल डेव्हिऑन नावाचा भारतात जन्मलेला खलाशी तारेवर वस्तू घसरवून वाजवायचा, अशी तिथलीच आठवण नोंदवलेली आहे. मग स्टील गिटारचा शोध हवाईवाल्यांनी लावला असं डोळे मिटून का मानायचं? नॅशव्हिलने टाकली तर टाकली, ती मुळात इथून गेलेली आहे.

दाखला_द्या

वीणापाणी, राग येतोय म्हणून स्पष्ट लिहिते. दर वेळी कुणाचंही काहीही चांगलं दिसलं की 'ते आपलंच' हा सूर लागतो.

जोसेफ केकुकू, हवाईतल्या ओआहू बेटावरच्या लाई गावचा मुलगा. १८८९ च्या सुमारास त्याने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंड घसरवायला सुरुवात केली. रुळाजवळ सापडलेल्या बोल्टची गोष्ट आख्यायिका असेल, सोडून द्या. पण त्या पोराने वर्षानुवर्षं खपून तंत्र बसवलं, १९०४ मध्ये अमेरिकेत जाऊन गावोगाव वाजवलं, शिकवलं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या संगीताने अमेरिकेला वेड लावलं ते या पायावर. डेव्हिऑन एका तारेवर वाजवत असेलही. एका आठवणीवरून तुम्ही अख्खं वाद्य उचलून आणणार? आणि विचित्रवीणा आज दिसते त्या रूपात पतियाळ्याच्या अब्दुल अझीझ खानांनी मैफलीत आणली ती विसाव्या शतकात.

हवाईची राणी १८९३ मध्ये पदच्युत झाली, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने गिळली. त्या लोकांचं जे एक जगभर गेलं ते हे. तेही त्यांच्याकडून काढून घ्यायचं?

वीणापाणी

मी कुणाचं काही काढून घेत नाहीये. शक्यता मांडली. तुम्ही लगेच साम्राज्यवादी ठरवून मोकळ्या झालात. डेव्हिऑनचा उल्लेख मी रचलेला नाही. गोट्टुवाद्य तर केकुकूच्या आधीचं आहे, त्यावर एक अक्षर नाही तुमच्या प्रतिसादात.

दाखला_द्या

गोट्टुवाद्य आधीचं, मान्य. पण आधी असणं वेगळं आणि तिथून गेलेलं असणं वेगळं. यातला दुसरा भाग दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेईन.

गिरगावकर

तुमचं दोघांचं चालू दे. उलटा प्रवास तर नक्की झाला ना? हवाईचा स्टीलवादक टाऊ मो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बायकामुलांसह कलकत्त्यात होता, तिथे वाजवलं, शिकवलं. त्या मातीतून पुढे सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध. मुंबईत व्हॅन शिपली, हजारा सिंग. सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर, म्हणजे मांडीवरच्या बिनपेडलच्या स्टीलवर, वाजवलेल्या तबकड्या घरोघरी होत्या, रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे तेच लागायचं. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले, १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर ध्वनिमुद्रिका केली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्याच वाटेवरची, १९९४ ला अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर ग्रॅमी मिळालं.

माझे वडील ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. दिवसा गिरणीच्या हिशोबखात्यात, संध्याकाळी कार्यक्रम. गिटार मांडीवर, कांडी पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली, घामाने सरकते म्हणून वाजवायच्या आधी बोटांना पावडर. एका गणपतीत चार कार्यक्रम ठरलेले होते. पहिल्याच दिवशी संयोजक म्हणाला, भाऊ, उद्यापासून येऊ नका, नवीन मुलाच्या कीबोर्डमध्ये गिटार आहे. वडील त्या रात्री बाल्कनीत बसून होते. आई जेवायला वाढून थांबली होती, ते उठलेच नाहीत. त्यानंतर त्यांनी गिटारची पेटी उघडलेली मी पाहिली नाही.

खर्जातला, 'कीबोर्डवर निघतं' हे वाक्य आमच्या घरात एकदा ऐकलेलं आहे. परत ऐकायची इच्छा नाही.

खर्जातला

गिरगावकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आता मलाही सांगू दे. तो 'नवीन मुलगा' मी असू शकलो असतो. बारा वर्षं मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय. हौस म्हणून नाही, घर चालवायला. व्हायोलिन मी वाजव, बासरी मी वाजव, सनई मी वाजव, आणि पाकीट एकाचंच. चार वादकांचे पैसे संयोजक वाचवायचा, माझ्या हातात नाही पडायचे. आणि जुने वादक विंगेत माझ्याशी बोलायचे नाहीत, जणू मीच त्यांच्या ताटातलं उचललं. पुढे पेन ड्राइव्हवर ट्रॅक आला आणि माझंही काम गेलं. मला कुणी धागा काढला नाही.

त्यामुळे कुणी 'खोटा आवाज' म्हटलं की डोकं फिरतं. आवाज खोटा असेल, वाजवणारा खोटा नव्हता.

गिरगावकर

हे आधी सांगितलं असतंत तर माझा सूर वेगळा असता. वडिलांनीही त्या मुलाला कधी दोष दिला नाही, संयोजकालाच दिला. एवढंच.

ऑस्टिनकर

'खोटेपणा' हा शब्द मी वापरला. यंत्राबद्दल होता, वादकाबद्दल नव्हता, तरी लागला असेल तर मागे घेतो. पण खर्जातला, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! बसमधली एक जागा, हॉटेलातली एक खाट, एक मानधन वाचतं, म्हणून स्टीलवादक दौऱ्यातून गळतो आणि त्याचा भाग ट्रॅकवर वाजतो.

इथे टेक्सासात नाचाच्या हॉलमध्ये मी दर महिन्याला जातो. गेल्या हिवाळ्यात एका सत्तरी ओलांडलेल्या स्टीलवादकाला गाडीतून वाद्याची पेटी उतरवायला हात लावला. नुसती उचलताना माझा खांदा भरून आला. त्याने पाय जोडले, सळया अडकवल्या, बसला, आणि बूट काढून मोज्यावर पेडल चाचपलं. म्हणाला, जाड तळव्यातून अर्धा सूर कळत नाही. त्या रात्री नाचणारी निम्मी मंडळी पंचविशीतली होती. कंटाळलेलं कुणी दिसलं नाही.

निळी_तार

सगळं वाचलं. तुम्ही सगळे नॅशव्हिलच्या दारातच का उभे आहात? स्टील मरत नाहीये, तिने घर बदललंय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हाउस ऑफ गॉड चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून स्टील हेच उपासनेचं मुख्य वाद्य. ट्रोमन ईसन, विली ईसन, तिथून थेट रॉबर्ट रँडॉल्फपर्यंत. बाहेरच्यांना ते कळलं १९९० च्या दशकात. बियॉन्सेच्या २०२४ च्या 'काउबॉय कार्टर'मधल्या 'सिक्स्टीन कॅरेजेस'वर तोच रँडॉल्फ आहे. नायजेरियात किंग सनी अडेने पेडल स्टील जुजू या तिथल्या संगीतात घेतली. सुझन अल्कॉर्न टेक्सासच्या कंट्री बँडांमधून निघून पिआझोलाच्या टँगोपर्यंत गेली. आणि कंट्रीतच म्हणाल तर जॉन पार्डी, झॅक टॉप यांच्या गाण्यात स्टील उघड ऐकू येते.

ऑस्टिनकर

निळी_तार, चर्चची परंपरा मी विसरलो, ही माझी मोठी चूक. पण घर बदललं म्हणून जुन्या घरातून काढलं गेलं हे पुसलं जात नाही. रेडिओवर सलग तासभर कंट्री लावा आणि मोजा.

वीणापाणी

हवाईच्या आधीच्या गोट्टुवाद्यावर वेगळा धागा काढतोय. इथे कुणाला ऐकायचं नाही हे कळलं.

दाखला_द्या

काढा, मी येईन. डेव्हिऑनची मूळ नोंद कुठे आहे ती पहिल्याच ओळीत द्या.

खर्जातला

ऑस्टिनकर, 'टुगेदर अगेन' ऐकलं. ब्रम्लीचा तुकडा चार वेळा मागे नेला. मग कीबोर्ड काढला आणि दोन ट्रॅकवर वेगवेगळा बेंड देऊन तीच हालचाल बसवायला गेलो. ग-म आणि प-ध जागेवर आले. पण तार विझताना तो जो आवाज आतून फुगवतो, ते तासभर खटपट करून जमलं नाही. 'रडका' शब्द मागे. बाकी माझं म्हणणं आहे तिथेच आहे, स्टील नसली म्हणून गाणं कंट्री राहत नाही हे मी मानणार नाही.

गिरगावकर, ती पेटी अजून घरात आहे का?

गिरगावकर

आहे. माळ्यावर. आज काढली. दोन तारा गंजून तुटल्यात. कांडी रुमालातच आहे.