देव नदीपार गेला, पण कादंबरीत घडलं काय?

वास्कोकर: गोव्यातल्या पोर्तुगीज काळावरची चारशे पानांची मराठी कादंबरी संपवली. घडलं एवढंच, की देवळं पाडली जात होती म्हणून कुठ्ठाळीचा देव जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला. बाकी चूल, कापणी आणि दोन भावांचा अबोला. १६८३ ला संभाजीराजे पोर्तुगीजांच्या साष्टी-बारदेशात घुसले, ते सोडून हे का लिहावं?

अंत्रुजची सून: वास्कोकरबाब, तुमचं 'एवढंच' मला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. १५६० च्या सुमाराला अंत्रुज, म्हणजे प्रियोळसकट आजचा फोंड्याचा भाग, आदिलशाहीत होतं. नदीपलीकडे दुसरं राज्य! देव गेला, पण शेत, माड, गावकारीतला, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला वाटा अलीकडेच राहिला. एक भाऊ देवामागे गेला, दुसऱ्याने जमिनीसाठी बाप्तिस्मा घेतला. असा निर्णय एका रात्रीत होत नाही. त्यांना लागले तेवढे दिवस वाचणाऱ्यालाही लागू देत. माझी आजी दर मे महिन्यात साष्टीतल्या एका क्रिस्तांव घरी नारळ पाठवायची. ते आमचेच भाऊबंद, हे मला ती गेल्यावर कळलं. ही कादंबरी वाचताना मला ते नारळ दिसत होते.

डिचोलीचा वाचक: संथपणा चालेल हो, पण साष्टीची बाई 'अगंबाई' म्हणते! पुण्याच्या वाड्यातून आली का ती? १६८४ ला विजरईने, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयने, बंदी घातली ती कोंकणीवर. लोकांच्या तोंडी कोंकणीच होती.

पेडण्याचे मास्तर: आलं पुन्हा तेच. मी जिथे तीस वर्षं शिकवलं त्या मराठी शाळेला कुलूप लागलंय, आणि इथे मराठी उपरी ठरतेय! फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ ला राचोलला छापलं, ते मराठी ओव्यांत. लोकांना मराठी कळत नसती, तर ओव्या कुणासाठी रचल्या?

डिचोलीचा वाचक: त्याच फादरनी कोंकणीचं व्याकरणही लिहिलं, ते का गाळता? पुराण ऐकायचं मराठीत, भांडायचं कोंकणीत. मी स्वतः इथे मराठीत लिहितो नि आईशी कोंकणीत बोलतो. उपरी हा शब्द माझा नाही, मागे घ्या तो.

पेडण्याचे मास्तर: शब्द मागे घेतो. संवाद कोंकणीत हवे होते, हेही खरं. निवेदनाला मात्र हात लावू नका.

अंत्रुजची सून: भाषेत मूळ प्रश्न बुडाला. साष्टीतल्या कुंकळ्ळी गावाचंच बघा. १५८३ ला पाच पाद्री मारले गेले, मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याला बोलावून ठार केलं. यावर घोडे दौडवता येतील. पण गावची देवी शेजारच्या फातर्प्याला गेली, ती अजून शिगम्यात छत्र्यांसह कुंकळ्ळीला येते, आणि हिंदूंबरोबर क्रिस्तांवही त्यात असतात. त्या क्रिस्तांव घरांत चारशे वर्षं काय बोललं गेलं असेल? मला ते वाचायचंय.

वास्कोकर: तुमच्यामुळे होडीचं प्रकरण परत काढलं. धाकटा भाऊ काठावरून मागे फिरतो नि गोठ्यात जाऊन गाईची धार काढतो, ते पान मी उडवलं होतं. चांगलं आहे. मधली शंभर पानं जास्तीच आहेत, हे मत मात्र बदललेलं नाही.