शब्दचर्चा : 'डेट', 'फिरणं' आणि 'संकेत'

'डेट'ला मराठीत काय म्हणावं? 'प्रियाराधन' हा शब्द हमखास सुचवला जातो. पण प्रियाराधन एकाने दुसऱ्याचं करायचं असतं; डेटवर दोघं ठरवून जातात. माझं मत आधीच सांगतो : 'डेट' राहू द्यावा. मात्र तो इतक्या सहज का रुजला, ते बघण्यासारखं आहे.

आमच्या नाशकात मागच्या पिढीपर्यंत जोडप्यांसाठी एकच क्रियापद होतं, 'फिरणं'. "ती त्याच्याबरोबर फिरते" एवढं वाक्य कॉलेज रोडवरून पंचवटीतल्या तिच्या घरी पोचलं की पुढे काही सांगावं लागत नसे. नामं हवी असतील तर 'प्रकरण', 'भानगड', 'लफडं'. प्रत्येकात आरोप. 'डेट'मध्ये तो नाही, म्हणून मुलांनी तो उचलला, आणि बरंच केलं.

इंग्रजीत 'डेट' म्हणजे मुळात तारीखच. १८९६ साली शिकागोच्या वर्तमानपत्रात जॉर्ज एडच्या सदरातला एक तरुण मुलीला विचारतो, माझ्या तारखा आता दुसराच कोणी भरतोय वाटतं? त्या काळी अमेरिकेतल्या मध्यमवर्गात मुलगा मुलीच्या घरी जायचा, तोही तिने किंवा तिच्या आईने बोलावलं तर. दिवाणखान्यात बसायचं, घरचे आसपास. भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणाऱ्या मुलींकडे दिवाणखाना कुठला? त्या बाहेर भेटू लागल्या, आणि १९२०च्या दशकापर्यंत सुखवस्तू घरांतही तीच रीत आली. बाहेर पडलं की खर्च आला. तो मुलाने करायचा, म्हणून विचारायचा हक्कही त्याच्याकडे गेला.

आपला दिवाणखाना म्हणजे 'कांदेपोहे'. हा शब्द आता खाण्याचा राहिलेलाच नाही. गंगापूर रोडच्या कॅफेत दोघंच भेटतात, कोल्ड कॉफी पितात, तरी घरी सांगताना "आज कांदेपोहे होते" असंच म्हणतात. 'कोर्टशिप'चंही तसंच. इंग्रजीत ती होकाराच्या आधीची. आपल्याकडे साखरपुडा झाला की मग 'कोर्टशिप पिरियड' सुरू.

आणि आरोप नसलेला शब्द आपल्याकडे होताच : 'संकेत', म्हणजे प्रेमिकांनी ठरवलेली भेट. संस्कृतात भेटीच्या जागेला 'संकेतस्थान' म्हणत. आज 'संकेतस्थळ' म्हणजे वेबसाइट, आणि विवाहाची 'स्थळं' तिथेच शोधली जातात!

सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, महाराष्ट्री प्राकृतात, गोदाकाठच्या अशा भेटी पुष्कळ आहेत. एका गाथेत मुलगी एका धार्मिक माणसाला सांगते : बाबा, आता बिनधास्त हिंडा. तुम्हाला भिववणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने आजच मारलं. वरवर अभय, आतून धमकी! ती झाडी तिची संकेताची जागा आहे, आणि त्याने तिकडे फिरकू नये एवढंच तिला हवंय. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात ध्वनीचं, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. त्या मुलीची बाजू घेणारी ही महाराष्ट्री आपल्या भाषेची पूर्वज आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

कॅफेतल्या भेटीला 'संकेत' म्हणा असा आग्रह नाही. पण जुन्या काळावरच्या कथा-कादंबऱ्यांत गोदाकाठी भेटणाऱ्यांना कृपया 'डेट'वर पाठवू नका. तिथे 'संकेत ठरला' हेच मराठी.