गावात तीन रात्री विनोदी सिनेमांचा महोत्सव करायचाय, कोणी केलाय का?

सुहास_दापोली
नमस्कार मंडळी, जानेवारीत शाळेच्या पटांगणावर तीन रात्री फक्त मराठी विनोदी पिक्चर दाखवायचा विचार आहे, तिकीट नाही. पोरं मोबाईलवर रील्स बघत एकटीच हसतात, आजी-आजोबा सिरियलपुढे, अख्खं गाव एकत्र हसलेलं मी शेवटचं बघितलं ते लहानपणी जत्रेतल्या तंबूत. डोक्यात 'सोंगाड्या' (१९७१), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आणि आपल्या कोकणातलाच 'नारबाची वाडी' (२०१३) आहेत. प्रोजेक्टर भाड्याने मिळतोय, ओटीटीवरून लावलं तर चालेल ना?

वाईची_मीनल
ओटीटीवरून नको रे दादा, ते सबस्क्रिप्शन घरी बघायला असतं, तिकीट नसलं तरी सार्वजनिक दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. आत्तापासून पत्रं पाठव, उत्तर यायला वेळ लागतो. आणि रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे बनवाबनवीसारखा लांब पिक्चर असेल त्या दिवशी पावणेसातलाच सुरू कर, सत्कार आणि भाषणं नकोच, लोक कंटाळले की नंतर हसत नाहीत.

पडदेवाला
मी आमच्या वाडीत दोनदा केलंय म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त पैसे आवाजावर घाल. पहिल्या वर्षी दोन मोठे स्पीकर पडद्याशेजारी ठेवले होते, आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत यायचा, पुढचे हसायचे आणि मागचे एकमेकांना विचारत बसायचे काय म्हणाला काय म्हणाला. विनोदात एक शब्द गेला की सगळं गेलं. दुसऱ्या वर्षी चार लहान स्पीकर दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत लावले, जनरेटर इमारतीच्या मागे नेला, मग जमलं.

दुसरं म्हणजे खुर्च्या लांब लांब मांडू नकोस. सतरंज्या अंथर, म्हाताऱ्या माणसांना कडेने खुर्च्या, बाकी सगळे खेटून बसू देत, हसू शेजारच्याकडून लागतं. आमच्याकडे एक आजी पदर तोंडाला लावून पुढचा डायलॉग आधीच म्हणायच्या आणि त्यांच्या भोवतीची पोरं पिक्चर सोडून त्यांच्याकडेच बघत हसायची, ते अजून डोळ्यासमोर आहे.

पडद्याच्या खालच्या कडेला नेफा शिवून त्यात बांबू घाल म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. प्रोजेक्टरवर छोटा मांडव हवाच, जानेवारीत दव पडतं.

वाईची_मीनल
दव मी विसरलेच होते. सुहास, पहिल्या रात्री नारबाची वाडी लाव, खोत आणि वाडीचं भांडण तुमच्याकडे समजावून सांगावं लागणार नाही.

सुहास_दापोली
खूप आभार ताई, दादा. पहिली रात्र नारबाची वाडी पक्की. परवानगीचं पत्र आजच लिहितो, सतरंज्या देवळातून मिळतील. पडदेवाला दादा, चारशे माणसांना ते चार स्पीकर पुरले होते का?

पडदेवाला
आमच्याकडे अडीचशे होती. तू सहा घे, आणि आदल्या रात्री पटांगणाच्या पार शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसून ऐक.