आपल्या मुंबईच्या गायकाची मैफल : तुमची रात्र सांगा

नीला_डोंबिवली

परवा दादरला वाद्यांच्या दुकानात गेले होते, भाचीची पेटी दुरुस्तीला टाकायला. आत एक मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर दोन-चारदा कानस फिरवायची, मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. आधी तार नुसती टण्ण वाजत होती. दोरा नेमक्या जागी आला आणि तीच तार फुलली. खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू यायला लागला, कोणी न छेडलेला. मी पेटीची पावती हातात धरून तशीच उभी. डोळ्यांसमोर रवींद्र नाट्यमंदिर आणि गायिका किशोरी आमोणकर, आपल्या किशोरीताई.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकती फोर्टात नोकरीला लागले होते. पहिल्या पगारातून बाबांसाठी आणि माझ्यासाठी दोन तिकिटं काढली. किशोरीताई आपल्या मुंबईच्याच. राहायच्या प्रभादेवीला, म्हणजे त्या रात्री त्या जवळजवळ घरच्या अंगणातच गाणार होत्या. बाबांनी त्यांच्या आईंना, मोगूबाई कुर्डीकरांना, रेडिओवर ऐकलेलं, त्यामुळे लेकीला समोर बसून ऐकायचं हे त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं. इस्त्रीचा सदरा घालून दुपारी तीनलाच तयार होऊन बसले होते.

पडदा उघडल्यावर बराच वेळ तंबोरेच जुळत होते. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. खुंटी जरा पिळायची, पुन्हा ऐकायचं. मागे कोणाची तरी किल्ली पडली तर सगळं सभागृह दचकलं. मग षड्ज लागला. राग भूप. त्या गंधाराकडे लगेच गेल्याच नाहीत. रिषभावरून त्याच्याकडे बघायच्या आणि परत यायच्या. पाच-सात वेळा असं झालं आणि शेवटी गंधार लागला तेव्हा बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. बाबा घरात कधी हात वगैरे धरणारे नव्हते. 'सहेला रे' सुरू झालं तरी सोडलं नाही.

मग घड्याळाचे काटे पुढे सरकले. शेवटच्या लोकलवाले उठायला लागले. आमच्या रांगेतले एक आजोबा चपला हातात घेऊन, वाकून, अनवाणी बाहेर गेले. आवाज होऊ नये म्हणून. दारापाशी वळून त्यांनी रंगमंचाला नमस्कार केला. मी बाबांना हळूच म्हटलं, आपली कर्जत जाईल. बाबा म्हणाले, जाऊ दे.

भैरवीत 'अवघा रंग एक झाला' ऐकून बाहेर पडलो. प्रभादेवीहून दादर चालत. फलाटावरच्या बाकावर पहिल्या गाडीची वाट बघत बसलो. बाबा मधूनमधून तो गंधार लावून बघत होते, सापडला की माझ्याकडे बघायचे. सकाळी घरी पोचलो, आंघोळ केली आणि मी परत फोर्टला.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. २०१७ च्या एप्रिलमध्ये ताई गेल्या. परवा दुकानात तो गंधार ऐकला आणि मनगटावर पुन्हा ती पकड जाणवली. तुमची अशी रात्र असेल तर लिहा ना. गायक कोणीही असो, फक्त आपल्या शहरात, आपल्या माणसांसमोर गायलेला.

शशांक_प्र

काटा आला अंगावर. तोच स्वयंभू गंधार ना ताई? आमचे गुरुजी तंबोरा लावून दहा मिनिटं गाऊच द्यायचे नाहीत, आधी ऐका म्हणायचे. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. पाच स्वरांवर दीड-दोन तास उभं राहायचं म्हणजे गंधार जरा हलला तरी उघडं पडायला होतं. गायला लागल्यावर कळलं हे, ऐकताना सोपं वाटायचं.

पूर्वा७८

कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. माझ्याकडेही किशोरीताईंचा पास होता. शिवाजी मंदिर. साहेबांना महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, तरी त्या दिवशी संध्याकाळी नेमकं काम काढलं आणि मला अडकवलं. धावतपळत पोचले तेव्हा शेवटचं चालू होतं. दारावरच्या दादांनी घाम बघितला, तिकीट बघितलं, काही बोलले नाहीत. दार चार बोटं उघडून धरलं. त्या फटीतून मी भैरवी ऐकली. बारा-तेरा मिनिटं असेल. ताई दिसल्याच नाहीत, फक्त आवाज आणि प्रकाशाची एक पट्टी. ती नोकरी मी पुढे सोडली. त्या दादांना आजही मनातून आशीर्वाद देते. झाली तिसरी शिट्टी

नीला_डोंबिवली

पूर्वा, अगं! वाचून डोळे भरले. चार बोटांची भैरवी.

मंदार_पार्ले

मैफली दीनानाथ नाट्यगृहात ऐकल्या की शिवाजी मंदिरला, ते नंतर सांगतो. आधी मध्यंतरातल्या बटाटावड्यावर कोणीच कसं बोललं नाही? आमच्या पार्ल्यात दीनानाथचा वडा खाल्ल्याशिवाय दुसरा अंक सुरू होत नाही.

शशांक_प्र

मंदार, +१. आणि सोबतची ती लाल सुकी चटणी.

नायगावचा_सुन्या

आम्ही शास्त्रीयवाले नाही पण आपल्या शहराचा गायक म्हणाल तर शाहीर विठ्ठल उमप. आमच्या नायगावचेच. जांभूळ आख्यान होतं, मी सातवीत असेन. मैदानात मांडव, आम्ही पोरं पुढे मातीत बसलेलो. आमची आई चार घरची धुणीभांडी करून रात्री दहाला यायची आणि पडल्या पडल्या झोपायची. त्या रात्री आली ती जेवलीसुद्धा नाही, पिशवी तशीच खांद्याला, मांडवाच्या बांबूला टेकून उभी.

साठी ओलांडलेला माणूस द्रौपदी झाला की कोणाला तो पुरुष आहे हे आठवायचं नाही. पाच नवरे असून मनात कर्ण आहे हे ती कबूल करते, तिथे शाहिरांनी आवाज एवढा खाली आणला की ढोलकीवाल्यानेही हात पुडीवर नुसता ठेवला. बायकांच्या बाजूला कोणी हुंदका दिला. मी मागे वळून बघितलं तर आई रडत नव्हती, हसत होती. तसं हसताना तिला मी आधी बघितलं नव्हतं. घरी येताना म्हणाली, "बाईच्या मनातलं बोलला बघ म्हातारा." एवढंच.

२०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच गेले शाहीर. आईला टीव्हीवर कळलं. दिवसभर चूल पेटली नाही. म्हणजे गॅसच, पण आई चूलच म्हणायची.

नीला_डोंबिवली

सुनीलदादा, धागा काढल्याचं सार्थक झालं. आई आहेत का?

नायगावचा_सुन्या

आहे ना ताई. ८१. हे वाचून दाखवलं आत्ता. म्हणते ढोलकी थांबली नव्हती, बारीक चालू होती. तिचं खरं माना.

विद्याधर_गिरगाव

मी थोडा जुना माणूस. आमच्या गिरगावात गणपतीत गल्लीतच मैफल व्हायची. रस्त्यावर सतरंज्या, बिऱ्हाडकरू गॅलऱ्यांतून पाय सोडून बसलेले, खाली मोठे मोठे गवई. ट्राम होती तेव्हाची गोष्ट, म्हणजे १९६४ च्या आधीची. शेवटची ट्राम खडखडत गेली की गाण्याला खरी शांतता मिळायची आणि मग तांबडं फुटेपर्यंत चालायचं. ललत, भटियार वेळेवर ऐकायला मिळायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावर दहाला लाऊडस्पीकर बंद. नियम योग्यच आहे, मी स्वतः हृदयरोगी आहे. पण पहाटेचे राग उघड्या आभाळाखाली ऐकलेली आमची पिढी शेवटची, याचं दुःख होतं.

भेंडीबाजार घराणंसुद्धा याच शहरातलं, आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्याच घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही किशोरीताई शिकल्या. जयपूर घराण्याची तालीम आईकडून आणि हा संस्कार इकडून. नीलाताई, तो गंधाराकडे बघून परत येण्याचा प्रकार तुम्ही लिहिलात, तिथे मला अंजनीबाई आठवल्या. माझं मत आहे, पटावंच असं नाही.

कुर्ला_पश्चिम_७०

काकांनो ताईंनो, मी लहान आहे, चालेल का? आमचा रॅपर नेझी. कुर्ला वेस्टचा. २०१४ ला आयपॅडवर गाणं आणि व्हिडिओ करून टाकलेला तो. आम्ही त्याच गल्ल्यांतून क्लासला जायचो. कॉलेजच्या फेस्टला त्याला ऐकलं. माझ्या बाजूला माझा शाळेपासूनचा दोस्त, तो बोलताना अडखळायचा, वर्गात वाचायला लावलं की सगळे हसायचे. नेझीचं अख्खं कडवं तो एका दमात म्हणत होता, एक शब्द अडकला नाही. मी गाणं सोडून त्याचं तोंड बघत होतो. नंतर तो स्वतः लिहायला लागला. मराठीत लिहितो.

शशांक_प्र

चालेल काय, धावेल. एका दमात, हे गाणंच झालं रे. पाठव त्याचं लिहिलेलं.

पूर्वा७८

कुर्ल्याच्या बाळा, तुझ्या दोस्ताला माझ्याकडून शाबासकी दे. माझा भाचाही अडखळतो, त्याला वाचून दाखवते हे.

राजश्री_बदलापूर

सगळं वाचलं लोकलमध्ये उभ्याने. किशोरीताईंवर लिहायचंय मला पण दिवा आलं, गर्दी घुसली. रात्री लिहिते. तोवर एकच, मैफलीतून शेवटच्या कर्जतसाठी उठण्याचं दुःख हे फक्त आमच्या लाइनवाल्यांनाच कळतं. बोरिवलीवाले निवांत बसतात.

मंदार_पार्ले

राजश्रीताई, आम्ही पार्लेकर तर चालतच घरी. पण एकदा तुमच्या लाइनचे दोघं अनोळखी काका दीनानाथला गाडी चुकवून बसले होते, त्यांना घरी आणलं. आईने रात्री एकला पिठलं टाकलं. सकाळपर्यंत गाण्याचीच चर्चा. अजून दिवाळीला फोन येतो त्यांचा.

सुमेधा_ठाणे

नीलाताई, विषयाला सोडून विचारते. आमच्याकडे सासूबाईंचा तंबोरा आहे, माळ्यावर, बारा-पंधरा वर्षं झाली. त्या असताना रोज सकाळी लागायचा. तुमची जवारी वाचल्यापासून चैन पडेना, काल स्टूल घेऊन चढले आणि हात लावला. दोन तारा तुटल्यात, एक आहे ती गंजली आहे, पण भोपळा शाबूत वाटतोय. ते कारागीर घेतील का बघायला?

नीला_डोंबिवली

घेतील की! रविवारपर्यंत आहेत म्हणाले, मग मिरजेला जाणार. दुकानाचा पत्ता निरोपातून पाठवते. भोपळ्याला आधी जुनं सुती लुगडं गुंडाळ, मग चादर. लोकलने आणू नकोस, टॅक्सी कर, आणि मांडीवर आडवा धर. शनिवारी अकराला मी पेटी आणायला जाणारच आहे, तिथेच भेटू.